साडूंची जपानची गाडी

कपाट आवरताना रेल्वेचं जुनं वेळापत्रक सापडलं आणि नव्वदीतली इंदापूरची एक दुपार आठवली. साडू कामानिमित्त जपानला निघाले होते आणि काम उरकल्यावर एकटेच रेल्वेने डोंगरातल्या जुन्या पद्धतीच्या लाकडी लॉजमध्ये राहणार होते. “खाली गादी टाकून झोपायचं म्हणं,” ते म्हणाले. “त्यासाठी जपान कशाला? आमच्या हितं या की,” मी म्हणालो. माझी मजल तेव्हा भिगवणहून पुण्यापर्यंत. पोटात दुखत होतं. “पाव्हणं, तुमी आकड्यांत पक्कं, गाड्यांच्या वेळा एवढ्या बघा,” म्हणून त्यांनी कागद पुढे केला. पहिली गाडी पोचायच्या सात मिनिटं आधीच दुसरी सुटत होती. “बरोबर हाय,” मी म्हणालो. जपानात त्यांची दुसरी गाडी चुकली, आणि लॉजवाली म्हातारी स्वतः मोटार घेऊन त्यांना न्यायला आली. ती गंमत साडू आजही प्रत्येक लग्नात रंगवून सांगतात. तेव्हा खरं बोललो असतो तर निदान ऐकावं तरी लागलं नसतं.