बिनशक्तीचा होडीवाला

माझ्या धाकट्या भावाचं ठाम मत होतं की ज्या पात्राला उडता येत नाही, त्याचा खेळ खेळण्यापेक्षा अभ्यास केलेला बरा. अभ्यासावर त्याचं किती प्रेम होतं ते बारावीच्या निकालाने जगजाहीर केलंच होतं, त्यामुळे हे मत किती टोकाचं होतं ते कळावं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये राहायला आलो होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची आणि आईला स्वतःचं बाथरूम मिळालं होतं. भावाने स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून रोलप्लेच्या नियमांची जाडजूड चळत प्रिंट करून आणली. खेळ तसा सोपा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याची ताकद, चपळाई, अक्कल कागदावर आकड्यांत लिहायची, आणि मग तोंडाने गोष्ट सांगत खेळायचं. सूत्रधार प्रसंग मांडतो, समोर दरी आहे, काय करतोस? खेळणारा म्हणतो, उडी मारतो. जमली की नाही ते फासे ठरवतात.

सूत्रधार मी. कारण ते इंग्रजी नियम शेवटच्या पानापर्यंत वाचणारी घरात मी एकटी होते, आणि हुकूम सोडायची सवय मला जन्मापासून होती. सापशिडीच्या डब्यातले दोन फासे घेतले. नियमात लिहिलं होतं की सूत्रधाराने फासे आडोशाला टाकावेत, म्हणून ऑफिसातल्या जुन्या फाइलचा पुठ्ठा टेबलावर उभा केला. आणखी एक नियम होता, आणि तो मात्र मोडला तर डाव रद्द. दुसऱ्याच्या पात्राच्या वतीने कुणी बोलायचं नाही. तुझं पात्र काय करतं, काय म्हणतं, ते तूच सांगायचं. कितीही वेळ लागला तरी बाकीच्यांनी थांबायचं.

खेळणारे दोघे. भाऊ, आणि समोरच्या फ्लॅटमधला त्याचा गुजराती मित्र, जो आमच्याशी हिंदीत बोलायचा आणि आमच्याकडची कांदेपोह्यांची अर्धी कढई संपवून जायचा. भावाचं पात्र उडायचं आणि तळहातातून आग सोडायचं. मित्राचं पात्र अदृश्य व्हायचं. दर रविवारी जेवणं झाली की चार वाजेपर्यंत हे दोघे आमच्या हॉलमध्ये राक्षसांची कत्तल करायचे. खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा. मी दरी मांडली की एक उडून जाणार, पहारेकरी मांडला की दुसरा अदृश्य होणार. काय होईल हा प्रश्नच उरायचा नाही, उरायचं ते फक्त वर्णन.

त्याच हॉलमध्ये खिडकीशी कॉटवर बाबा असायचे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांचा जन्म गेला होता. खांबावर चढणारा माणूस. घरात काही बिघडलं की तासाभरात दुरुस्त, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की बाबांना येत नाही असं जगात काही नसतंच. मग त्या वर्षी होळीच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पाय हळूहळू सावरला, उजवा हात मात्र लुळा पडला तो पडलाच, आणि शब्द अडकायला लागले. त्यांना सगळं समजायचं. पण म्हणायचं असायचं चष्मा आणि तोंडातून यायचं चमचा, किंवा काहीच यायचं नाही.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. बोलतं ठेवा. चुकू द्या, अडखळू द्या, पण त्यांना बोलू द्या, नाहीतर येतंय तेवढंही जाईल. आम्ही मान डोलावली आणि नेमकं उलटं केलं. त्यांनी पा म्हणायच्या आत आई पाण्याचा पेला हातात द्यायची. त्यांचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं मी पूर्ण करायची, तेही अगदी बरोबर, आणि वर मला अभिमान वाटायचा की बाबांच्या मनातलं मला कसं ओळखता येतं. प्रेमापोटीच करत होतो सगळं. दिवाळीपर्यंत बाबा दिवसाला आठ-दहा शब्दांवर आले. मला रात्रंदिवस एकच भीती असायची की एक दिवस ते पूर्ण गप्प होतील, आणि ती भीती मी आईजवळसुद्धा बोलून दाखवत नव्हते.

एका रविवारी दोघांची मारामारी रंगात आली असताना बाबा कॉटवरून उठले, भिंतीला धरत धरत आले आणि टेबलाशी बसले. त्यांनी डाव्या हाताने कोरा कागद पुढे ओढला. मग मी नेहमीच्या घाईने विचारलं की कोण व्हायचंय, राजा, मांत्रिक? भाऊ शक्तींची यादी वाचायला लागला. बाबांनी मान हलवली. बराच वेळ गेला. "होडी," ते म्हणाले. "होडी... वाला."

मित्राला हे बघवेना. तो म्हणाला, "अंकल, एक पॉवर तो ले लो, फ्री में मिल रही है।"

बाबा हसले, डाव्या बाजूने, आणि बोटाने नाही म्हणाले.

मी मनात म्हटलं, बरोबर आहे, बिचाऱ्यांना दोन्ही हातांनी वल्हं मारायचं असेल. ज्याचा एक हात गेला त्याला याहून मोठी शक्ती कुठली? मला माझ्याच शहाणपणाचं कौतुक वाटलं, आणि मी होडीवाल्याची ताकद दहापैकी नऊ लिहिली. बाबांनी पेन घेतलं, वाकड्यातिकड्या रेघांनी नऊ खोडला आणि दोन केला. मग स्वतःच्या लुळ्या हाताकडे बोट दाखवलं, कागदाकडे दाखवलं. होडीवाल्याचा हातही असाच. भावाने न राहवून विचारलं की मग तो होडी चालवणार कशी? उत्तर यायला मिनिटभर लागलं असेल. झटक्याआधी बाबा सुट्टीच्या दिवशी बसने समुद्रकाठच्या डोंगरी गावाला मासळी आणायला जायचे आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याशी तासन्‌तास गप्पा मारत बसायचे. त्याचंच वाक्य त्यांनी तुकड्यातुकड्यांनी, त्याच्याच बोलीत सांगितलं. वल्हं हातानं न्हाय मारायचं, पाठीनं.

एवढं लांब वाक्य कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मग रविवारचा रंगच बदलला. होडीवाला उडत नव्हता, त्यामुळे नदी पुन्हा नदी झाली. खोली किती, भरती कधी, किनाऱ्यावर दगड आहेत का, असले प्रश्न विचारणं भाग पडायला लागलं, आणि ते बाबाच विचारायचे, एकेक शब्दाला थांबत. खेळाचा नियम असल्यामुळे आम्हालाही थांबावं लागायचं. मित्र तर घड्याळ न बघता हातावर हनुवटी टेकून ऐकत राहायचा. भाऊ कधी वैतागायचा. एकदा जिन्यात तो मला म्हणाला की ताई, बाबांचं पात्र भारी आहे, पण मला ते नको. दिवसभर कॉलेजात आणि क्लासमध्ये मी बिनशक्तीचाच असतो. रविवारी तरी उडू दे. मी त्यावर काहीतरी खोचक बोलले असणार, पण आज मला वाटतं तोही चुकीचा नव्हता. ज्याला सतत जमिनीवर आपटावं लागतं त्याला उडणं म्हणजे विसावाच असतो.

माझी खोड मात्र जाईना. होडीवाल्याची ताकद दोन, म्हणजे फाशांवर मोठा आकडा पडला तरच होडी पार. पहिल्याच खेपेला पुठ्ठ्याआड तीन पडले. होडी फुटणार होती. मी बाबांचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, दहा. ते खूश झाले. पुढच्या वेळी चार पडले, मी म्हणाले नऊ. मग ते अंगवळणीच पडलं. बाबांना शक्ती नको होती, मी ती चोरून दिली. मला वाटत होतं की हरले तर ते खेळायचे थांबतील आणि खेळ थांबला तर बोलणं थांबेल.

पण खांबाखांबावर बिघाड शोधत फिरलेल्या माणसाला मी फसवायला निघाले होते. एका रविवारी होडी पार झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा माझ्यासमोर सरकवला. कडेच्या कोऱ्या जागेत डाव्या हाताने ओढलेल्या रेघा होत्या. वीस खेपा, वीसही पार. त्याखाली भावाच्या फाशांच्या रेघा, त्यातल्या निम्म्याहून जास्त फुल्या, म्हणजे फसलेले डाव. बाबांनी पुठ्ठ्यावर टिचकी मारून तो आडवा पाडला. मागे फाशांवर दोन आणि एक होते. मी नुकतीच अकरा म्हणाले होते.

बाबा उठले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या आठवड्यात ते एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी उठले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आईने मला धारेवर धरलं की चांगलं चाललेलं तुला कुणी बिघडवायला सांगितलं होतं. मला आधी रागच आला. एवढं कुणासाठी केलं? ऑफिसात मी दोन दिवस सगळ्यांवर खेकसत होते. मग राग ओसरला आणि खाली फक्त लाज उरली. मी कॉटशी स्टूल घेऊन बसले आणि माफी मागितली. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं.

ते छताकडे बघत राहिले. ओठ हलले. मला वाक्य दिसत होतं. पुढचे तीन शब्द माझ्या जिभेवर तयार होते आणि मी ते गिळले. आयुष्यात इतकं कठीण काम मी दुसरं केलं नसेल.

"हरू..." ते म्हणाले. "हरू... दे... की."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तेवढं... तरी."

मला तिथेच रडू आलं. या माणसाकडून आम्ही काय काय काढून घेतलं होतं, तेही हसत हसत, पाण्याचा पेला पुढे करत. आता हरायचं तेवढं राहिलं होतं, तेही मी घेऊन बसले होते.

त्यानंतरच्या रविवारी पुठ्ठा केराच्या डब्यात गेला. टेबलाच्या मधोमध स्टीलची थाळी ठेवली आणि सगळ्यांसमोर त्यात फासे टाकायचे ठरलं. बाबा आले. मी प्रसंग मांडला. खाडीला उधाण आलंय. होडीत एक ओली बाळंतीण आणि तिचं बाळ, पलीकडे वैदू. भावाचं पात्र वर उडतंय, पण त्याला एकच ओझं उचलता येतं. बाबांनी डाव्या हाताने फासे टाकले. थाळीत आवाज घुमला. एक आणि दोन.

मित्राने हळूच सुचवलं की फिर से डालते हैं. बाबांनी मान हलवली. होडी भरायला लागली होती, आणि होडीवाला काय करतो ते त्यांनीच सांगायचं होतं. ते सांगायला लागले.

"बाई... आधी," ते म्हणाले. मग खूप वेळ काही नाही. भावाने तोंड उघडलं, म्हणजे बाबा तुम्हाला असं म्हणायचंय का, आणि मित्राने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रुक. अंकल का कॅरॅक्टर है।"

बाबांच्या कपाळावर घाम आला होता. "बाळ... तिच्या छातीशी. मी... खालून... उचलतो. एका हातानं. पाठीनं." त्यांनी वर भावाकडे बघितलं. "तू... घे."

भाऊ म्हणाला, "घेतलं बाबा."

"होडी... उलटी," बाबा म्हणाले. "पाणी... थंड. वल्हं... सोडतो मी." आणि डाव्या हाताची मूठ त्यांनी टेबलावर हळूहळू उघडली.

वीस खेपा मी त्या होडीवाल्याला पार केलं होतं आणि त्यातली एकही खेप आज मला आठवत नाही. ही आठवते. त्याला शक्ती असती, खरी किंवा मी चोरून दिलेली, तर कुणाला आधी उचलायचं हे ठरवायची वेळच त्याच्यावर आली नसती. शक्तीचं पात्र बरं की बिनशक्तीचं, इतकी वर्षं भाऊ आणि मी या एका गोष्टीवर वाद घालत आलोय, आणि माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही.

आई दारात मेथी निवडत बसली होती. ती ताटली बाजूला सारून उठली. तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलीही होती. असलं अभद्र घरात कशाला बोलायचं, ती म्हणाली, मरायचं नाटकसुद्धा नको मला, आधीच या घरात कमी झालंय का? नेहमीप्रमाणे मी काहीतरी समजावणीचं बोलणार होते, पण बाबांनी बोट वर केलं, म्हणजे थांब, माझी पाळी आहे. त्यांनी आईकडे बघितलं. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला, आणि तीसुद्धा पदराचं टोक हातात धरून उभी राहिली, काही न सुचवता.

"तो... गेला," बाबा म्हणाले. "मी... आहे."