दादाने बारवेत सोडलेले मासे

परवा दादाचा तेरावा झाला. पाहुणे गेल्यावर त्याची नात रेवती माझ्याजवळ येऊन बसली आणि मोबाईलवर तिच्या कामाचे फोटो दाखवायला लागली...

ती रत्नागिरीला असते. ओहोटीला समुद्र मागे सरला की खडकांतल्या डबक्यांत मासे अडकतात. ते मासे आणि त्यांच्या पोटातले जंत, हा तिचा अभ्यास. एका फोटोत चिरलेला मासा होता आणि आतून निघालेली लांब पांढरी फीत. बाकीच्यांनी तोंडं फिरवली. माझी नजर मात्र हटेना... अशी फीत मी ऐंशी वर्षांपूर्वी पाहिली होती, आमच्या गावच्या बारवेवर.

आमचं गाव मानवतकडचं. राज्य निजामाचं. दुधना नदी तीन कोस लांब, म्हणून प्यायचं पाणी बारवेचं. दगडी पायऱ्या उतरून घागर भरायची. पावसाळ्यानंतर पाणी वर असायचं, उन्हाळ्यात एकेक पायरी उघडी पडत जायची. आमची ओहोटी वर्षातून एकदाच यायची म्हणा ना...

आणि त्याच दिवसांत नारू निघायचा. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नाही, याचा मला आनंदच आहे. पायाला फोड यायचा, तो फुटला की आतून पांढरा जंत डोकावायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडायचा. माझी आई ऐन पेरणीच्या तोंडावर महिना महिना खाटेवर पडून असायची.

दादा तेव्हा परभणीला उर्दू शाळेत शिकत होता. तिथल्या मास्तरांनी सांगितलं की नारूचं बी पाण्यातल्या टाचणीच्या टोकाएवढ्या किड्यांत असतं, ते पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातं आणि बारीक मासे ते किडे खातात. दादा फार बोलणारा नव्हता. सुट्टीत आला, आईची पितळी घागर घेऊन दुधनेवर गेला, डबक्यांतले बोटाएवढे मासे आणले आणि बारवेत सोडून दिले.

गावात हसू झालं. किराणा दुकानवाले आप्पा गळ्यात लिंग घालणारे, माशाला शिवत नसत. ते दादाला दिसेल तिथे विचारायचे, "काय मच्छीसाहेब, आता आमी पाणी प्यावं का कालवण?" दादा मान खाली घालायचा. शेवटी आईच म्हणाली, "आप्पा, मासा पाण्यात राहतो. पाणी काय माशात राहत न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात मात्र ही गंमत राहिली नाही. गावात पुन्हा नारू निघाले, आईलाही निघाला. नारू अंगात वर्षभर राहून मग बाहेर येतो, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं... त्यातच एक पोट फुगलेला मासा तडफडत वर आला. कुणीतरी तो पायरीवर चिरला आणि आतून वीतभर पांढरी फीत वळवळत निघाली.

"नारू! माशाच्या पोटात नारू!"

आप्पांचा आवाज चढला. "आरं, नारू तूच आणून सोडलास की बारवेत! उद्या सकाळी चादरी लावून एकूण एक मासा काढायचा." दादा सुट्टीला आलेलाच होता. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. आईच्या पायातलं दुखणं आपणच आणलं, असं त्यालाही वाटायला लागलं होतं.

मी घागर तिथेच टाकून घरी पळाले. आई काठी टेकत आली, पायाला काडी तशीच बांधलेली. बारवेच्या वरच्याच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आणा हिकडं." तिने ती फीत तळहातावर घेतली, दोन बोटांत धरून फिरवून पाहिली.

"ह्यो नारू न्हाई. नारू सुतावानी गोल असतो. ह्यो नाडीवानी चपटा हाय." मग तिने पायाची पट्टी सोडून सगळ्यांना काडीवरचा नारू दाखवला. "सात काढलेत म्या ह्या पायातून. माझ्याइतका कोण वळखतो नारू?"

आप्पा वाकून बराच वेळ दोन्ही बघत राहिले. "बाईचं खरं हाय," ते म्हणाले. "राहू द्या मासे. पर मच्छीसाहेब, ह्यो नारू न्हाई तर हाय तरी काय?"

दादा ती फीत उलटसुलट करून पाहायला लागला...

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावात एक-दोघांनाच नारू निघाला. आईला नाही. त्या वर्षी तिने स्वतःच्या पायांनी शेतात जाऊन पेरणी केली. आणि बारवेत कुणी खडा टाकला तरी आप्पाच ओरडायला लागले, "आरं, मासे हायेत तिथं!"

आप्पांचा प्रश्न मात्र दादाच्या मनात राहिला. अगदी गेल्या दिवाळीतही त्याने मला विचारलं होतं, "ती फीत कशाची होती गं?"

परवा हे सगळं सांगितलं तशी रेवती ताठ बसली. "आत्याआजी, त्या फितीचं बीसुद्धा तसल्याच बारीक किड्यांत असतं! मासा ते किडे खातो, म्हणून तर त्याच्या पोटात फीत वाढते. नदीत असतानाच खाल्ले असतील त्याने. म्हणजे आजोबांनी बरोबर मासे आणले होते."

ज्या फितीवरून दादावर आळ आला, तीच त्याच्या बाजूची साक्ष होती. उत्तर त्याच्या घरातच वाढत होतं आणि त्याने कधी नातीला विचारलं नाही. विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं... माझ्याही नाही. परवा बोलले, ते बरं झालं.

रेवती उद्या परत जाते आहे. ती पितळी घागर अजून माझ्याकडे आहे. ती चिंचेने घासून आज तिच्या बॅगेशेजारी ठेवली. तिने विचारलं, "यात काय भरू?"

म्हटलं, "मासे."