फ्रेमसाठी कापलेले पाय

मंडळी, आज आमच्या शहापुरातल्या एका फ्रेमवाल्याने माझ्या चित्रातल्या आईचे पाय कापले.

भाताची आवणी करून बांधावर टेकलेली आई, चिखलाचे पाय पुढे पसरलेले, असं चित्र होतं. चित्राच्या मापाची फ्रेम आणि भोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा रुंद माउंट करा, असं बजावलं होतं. या महाशयांनी सोनेरी तयार फ्रेम उचलली आणि बसेना म्हणून चित्रच खालून कापलं.

"पाय कोण बघतंय? तोंड आलंय ना," तो म्हणाला.

कचऱ्यातून ती पायांची कापलेली पट्टी शोधून घरी आणली. आईने त्यातल्या टाचांवरून बोट फिरवलं. "भेगा बरोबर काढल्यास गो," म्हणाली.

शहापूर-मुरबाडात फ्रेमच्या लाकडाआधी चित्राकडे बघणारा कुणी फ्रेमवाला आहे का?