ओसरीखालचे शिंपले

अंगण अर्धं झाडून झालं होतं. पुढची बाजू खराट्याच्या रेघांनी विंचरल्यासारखी दिसत होती. घराच्या कुशीला वळता वळता मिस वर्डेल गॅडस्डेन यांचा हात थांबला. मातीत बुटांचे ठसे होते. बाईमाणसाचे, टाचेला बारीक. फाटकातून आत येऊन ते दाराकडे गेले नव्हते. घराला वळसा घालून सरळ मागे, कबरींकडे गेले होते.

"असं होय," मिस वर्डेल मोठ्यानं म्हणाल्या. ऐकायला फक्त कोंबड्या होत्या.

त्यांच्या अंगणात गवताचं पातं टिकत नसे. हिरवळ ही नदीकाठच्या कॉलनीतल्या लोकांची हौस. गॅडस्डेनांच्या बायका पिढ्यान् पिढ्या अंगणाची माती उघडी ठेवत आल्या होत्या आणि रानातल्या काटक्या बांधून केलेल्या खराट्यानं ती झाडत आल्या होत्या. झाडलेल्या मातीत साप गेला की कळतं, माणूस गेला की त्याहून चांगलं कळतं. काल संध्याकाळी प्रार्थनेला निघण्याआधी त्यांनी अंगण झाडलं होतं. म्हणजे त्या देवाच्या दारात बसलेल्या असताना कुणीतरी आलं होतं. आणि बुधवारी संध्याकाळी त्या कुठे असतात हे त्या येणाऱ्याला माहीत होतं.

संशय ही त्यांची जुनी सवय. सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे आलेलं पिठाचं पोतं त्या पुन्हा वजन करून घेत. लिनवुडनं लग्नाचं विचारलं, तेव्हा त्याची माणसं कुठली, हे त्यांनी आधी दोन चर्चमध्ये विचारून घेतलं आणि मग होकार दिला. लग्नानंतरही गावात त्या मिस वर्डेलच राहिल्या; तिथे मोठ्या बाईला मानानं तसंच म्हणतात. लिनवुड कोळंबीच्या बोटीवर होता, भला माणूस. मरेपर्यंत हसून सांगायचा, "माझी चौकशी सरकारी नोकरीपेक्षा कडक झाली." तो गेल्यावर फाटकाला दुसरी कडी लागली.

ठसे कुणाचे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. सोमवारी त्या बुटांची मालकीण याच फाटकाबाहेर उभी होती. तरुण, काळी, नीटनेटकी, छातीशी फाइल धरलेली.

"गुड मॉर्निंग, मॅम. मी मोनिक पेटवे. काउंटीच्या भरपाई समितीसाठी काम करते."

"कशाची भरपाई?"

"गुलामगिरीची, मॅम. आणि त्यानंतर आपल्या लोकांकडून जे जे काढून घेतलं गेलं, त्याची. कुणाचं काय गेलं, त्याचा आज काय परिणाम दिसतो, याचा समिती अभ्यास करतेय. शनिवारी शाळेत सुनावणी आहे. तुम्ही बोलावं असं वाटतं."

"अभ्यास!" मिस वर्डेल म्हणाल्या. "आमचं काय झालं ते कळायला अजून अभ्यास लागतो होय?"

पोरगी ओशाळून हसली आणि तिनं विचारायला सुरुवात केली. घराणं किती मोठं? कोण कोण कुठे असतं? जमीन पूर्वी नदीपर्यंत होती ना? तिसऱ्या प्रश्नाला फाटकाच्या दोन्ही कड्या लागल्या.

कारण हेच प्रश्न त्यांनी लहानपणी याच ओसरीवर ऐकले होते. तेव्हा विचारणारा गोरा होता, डोक्यावर उन्हाळी हॅट, बोलणं मधासारखं. म्हणाला, या भागाचा इतिहास लिहितोय. आईनं त्याला पीच घालून भाजलेला गोड कॉबलर वाढला आणि मुलं, पुतणे, भाचे, कोण कुठल्या शहरात कामाला गेलंय, सगळं कौतुकानं सांगितलं. जमीन सामाईक होती. गुलामगिरी सुटल्यावर पणजोबांनी घेतलेली, आणि मृत्युपत्र कुणीच कधी केलेलं नाही. काही महिन्यांनी डेट्रॉइटच्या एका चुलतभावाचा हिस्सा कुणीतरी विकत घेतला, आणि एका हिश्श्याच्या जोरावर कोर्टाकडून सगळ्याचा लिलाव मागितला. घराभोवतीचा तुकडा कसाबसा वाचला. नदीकाठ गेला, आणि तिथली जुनी दफनभूमी गेली. गुलामगिरीत जन्मलेली, तिथेच मेलेली माणसं, आणि त्यांच्या शेजारी आईची आई. आता तिथे कॉलनी आहे, फाटकावर पहारेकरी आहे, आणि त्या सगळ्यांच्या अंगावर गोल्फचं गवत आहे.

घरामागच्या चार-सहा कबरी तेवढ्या उरल्या होत्या. त्याही जातील, हीच भीती मिस वर्डेल छातीशी घेऊन जगत आल्या होत्या. त्यामुळे जिवंत नातेवाइकांची नावं त्या ख्रिसमसच्या कार्डावरसुद्धा पूर्ण लिहीत नसत.

खराटा काठीसारखा टेकत त्या ठशांमागून गेल्या. ठसे आईच्या कबरीपाशी थांबले होते. तिथे रीतीप्रमाणे कबरीवर खूण म्हणून ठेवलेला आईचा चहाचा कप आणि दोन मोठे शंख होते, ते जागेवर होते. मग ठसे देवदाराकडे वळले होते, आणि तिथे मिस वर्डेल खाली वाकल्या. देवदाराच्या डावीकडे सपाट माती आहे. दगड नाही, शिंपला नाही, काही नाही. ठसे नेमके त्या सपाट जागेला सांभाळून, लांबून वळसा घालून गेले होते.

तिथे आर्थर होता. जमीन गेल्यानंतर झालेला धाकटा भाऊ, आठवडाभरच जगलेला. आईनं त्याच्यावर खूण ठेवली नव्हती. ती जागा आता दोनच जिवंत माणसांना ठाऊक होती. एक तिथे खराटा धरून उभं होतं. दुसरं रोज सकाळी नाश्त्याला येत असे.

त्यांचा भाऊ हेझेकाया आला तेव्हा टेबलावर मक्याच्या कण्या होत्या, लोणी होतं आणि तळलेला मासाही होता. त्यानं टोपी काढली.

"सिस्टर, गुरुवारी मासा? कोण मेलं?"

"अजून कुणी नाही. बस."

थोरली म्हणून घरात सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी देवाचे आभार मानले, नेहमीपेक्षा जरा लांब, आणि 'आमेन'नंतर लगेच विचारलं, "आर्थरची जागा त्या पोरीला कुणी सांगितली?"

"कुठल्या पोरीला?"

"हेझ, साठीच्या पुढे गेलास. खोटं बोलताना अजून तुझे कान हलतात."

त्यानं काटा खाली ठेवला. "फोनवर सांगितलं मी. तू प्रार्थनेला जाशील तेव्हा जा म्हटलं, आणि देवदाराच्या डावीकडे पाय ठेवू नकोस म्हटलं. तेवढी माणुसकी ठेवली."

"केवढी ही माणुसकी! चोराला सांगायचं, दार ढकल पण पायपुसण्यावर पाय देऊ नकोस."

"ती चोर नाही."

"तो हॅटवालासुद्धा चोर नव्हता. कॉबलर दोनदा मागून घेतला त्यानं."

"सिस्टर, ऐकशील? त्यानं नावं नेली, मान्य. पण नावांनी फक्त लिलाव झाला. आपली माणसं गवताखाली कशी गेली? सांग ना. ओसरीखाली काय आहे?"

ओसरीखाली जस्ताचा टब होता, ताडपत्रीनं झाकलेला. मोजणीची माणसं नदीकाठी दिसू लागली, तेव्हा आईला वाटलं होतं की ती कबरींवरच्या वस्तू उचलून नेतील, कदाचित उकरतीलसुद्धा. तसं उकरल्याच्या गोष्टी कानावर येत. म्हणून एका दुपारी तिनं आणि वर्डेलनं मिळून कालवांचे शिंपले, शंख, दिव्यांच्या काचा, फुटक्या बशा सगळं गोळा करून घरी आणलं. मेलेल्यांना कुणी हात लावू नये, एवढंच आईच्या मनात होतं.

"मोजणीवाल्यानं कोर्टात सांगितलं, मोकळी जमीन," हेझेकाया म्हणाला. "आई उठून म्हणाली, तिथे कबरी आहेत. जज म्हणाला, कुठे? दाखवायला काय होतं तिच्याजवळ? सगळं या फळ्यांखाली."

"आईला बोल लावतोस?"

"नाही गं. आईनं जिवापाड जपलं. पण जपता जपता तिनं त्यांना लपवलं, आणि तू अजून लपवतेयस. मी तेव्हा एवढासा होतो, मला जागा आठवत नाहीत. तुला आठवतात. तू गेलीस की ती मोकळी जमीनच, कायमची."

मिस वर्डेलनी ताट बाजूला सरकवलं. "ती आहे कुठे?"

"चर्चच्या वळणावर. गाडीत. मी म्हटलं, थांब जरा."

"म्हणजे हाही कट आधीच ठरलेला! खा तो मासा. वाया जायला नको."

पोरगी आली ती फाटकाबाहेरच थांबली. डोळे रडल्यासारखे दिसत होते. मिस वर्डेलनी तेही टिपलं आणि बाजूला ठेवलं; रडणं सोपं असतं.

"काल फाटक उघडता आलं, आज येत नाही वाटतं?"

"चुकलं माझं, मॅम. विचारल्याशिवाय यायला नको होतं. माझी आजी असती तर थोबाडीत मारली असती."

"आजी नाही म्हणून वाचलीस." त्यांनी खराटा पुढे केला. "उमटवलंस ते पूस."

मोनिकनं बूट काढून फाटकापाशी ठेवले. ती मागे कबरींपर्यंत गेली आणि तिथून झाडायला लागली, उलटी चालत, म्हणजे झाडलेल्या मातीवर स्वतःचं पाऊल उमटू नये. हात लांब, फटकारा हलका, रेघा सरळ. हेझेकाया ओसरीवर उभा राहून कौतुकानं बघत होता.

"कुणी शिकवलं?" मिस वर्डेलनी विचारलं.

"आजीनं. अलाबामात. तिचं अंगण असंच होतं."

"बघ!" हेझेकाया म्हणाला.

"काय बघू? आदल्या रात्री शिकून आली असेल. हल्ली फोनवर सगळं दाखवतात."

पोरीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. मिस वर्डेलनी तिला ओसरीच्या पायरीवर बसवलं, गोड गार चहाचा ग्लास दिला आणि चौकशी सुरू केली. समितीत कोण कोण आहे? लिहून घेतलेलं कुठे ठेवतात? कॉलनीतलं कुणी बसलंय का त्यात?

"एक आहेत," मोनिक म्हणाली. "जमिनीचे दलाल. कॉलनीतच राहतात."

हेझेकायानं डोळे मिटून घेतले.

"आणि भरपाई मिळेल?"

मोनिकनं ग्लास दोन्ही हातांत धरला. "मला माहीत नाही, मॅम. खरं सांगायचं तर कदाचित अहवाल लिहिला जाईल, फोटो काढतील आणि कपाटात ठेवतील. पण लिहिलंच गेलं नाही, तर ते म्हणतील की कुणी काही सांगितलंच नाही. आत्ताच म्हणतायत. या नदीकाठाच्या पानावर लिहिलंय, कुणाचा दावा नाही."

"हे पहिलं बोललीस सरळ," मिस वर्डेल म्हणाल्या. मऊ होऊन नव्हे. मापात बरोबर भरलेल्या पोत्याबद्दल बोलावं तसं. "आता माझं ऐक. जिवंतांची नावं मिळणार नाहीत. एकही नाही. कोण डेट्रॉइटला, कोण शार्लटला, हे तुझ्या समितीला कळायची गरज नाही. मेलेल्यांची सगळी घे. त्यांचा हिस्सा कुणाला विकत घेता येत नाही."

"चालेल, मॅम."

"चालेल का ते तू ठरवू नकोस. चालवायचंय."

मोनिकनं फाइलमधून कॉलनीचा नकाशा काढला आणि पायरीवर पसरला. "जुनी जागा साधारण कुठे, एवढं बोटानं दाखवलंत तरी..."

"कागदावर नाही." त्यांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कागदावरची खूण रात्रीतून सरकते. मी पायानं दाखवीन. मी उभी राहीन तिथे तू फोटो काढ, आणि शनिवारी त्या दलालाच्या तोंडासमोर धर. मी शेजारी असेन, तू काय बोलतेस ते ऐकायला."

"आत सोडतील?" हेझेकायानं विचारलं. "फाटकावर तो पहारेकरी कारण विचारतो. आपल्याला तर दोनदा विचारतो."

मिस वर्डेल उत्तर न देता गुडघ्यांवर बसल्या. या वयात ते सोपं नव्हतं. भाऊ धावला तर त्यांनी त्याला हातानं लांब केलं. ओसरीखाली हात घालून त्यांनी कडीला धरून टब ओढला. जस्त फळ्यांना घासून करकरलं. ताडपत्री काढली. वर कोळ्यांची जाळी, खाली नदीचे शिंपले, आतून अजून पांढरे. एका दिव्याच्या काचेला तडा गेला होता. एका शंखात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. सगळ्यात खाली निळ्या फुलांची अर्धी बशी होती. ती त्यांनी उचलून ॲप्रनच्या टोकानं पुसली.

मोनिकनं नकळत हात पुढे केला.

"तू नको."

हात मागे गेला.

मिस वर्डेलनी त्यातला एक शंख निवडला, माशीचं घर नसलेला, आणि त्या मागे गेल्या. देवदाराच्या डावीकडे, सपाट मातीवर, त्यांनी तो ठेवला. ओठ हलत होते. देवाशी जे बोलायचं ते त्यांनी कुणाला ऐकू येऊ दिलं नाही. परत येताना त्यांची पावलं ताज्या झाडलेल्या अंगणात उमटली, जाड टाचांची, जरा आत वळलेली. ती त्यांनी पुसली नाहीत.

"बूट घाल," त्या मोनिकला म्हणाल्या, "आणि तुझी गाडी पुढे राहू दे, मला दिसेल अशी. हेझ, टब ट्रकमध्ये चढव. अलगद."

मग त्या आत गेल्या, रविवारची टोपी घातली, दोन्ही कड्या लावून फाटक बंद केलं आणि ट्रकमध्ये बसल्या. आता कॉलनीच्या फाटकावर जायचं होतं, आणि आत कशाला जायचंय असं पहारेकऱ्यानं विचारलं की सांगायचं होतं, आजीच्या कबरीवर शिंपले ठेवायला.