स्त्रियांच्या बाजूला

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी सकाळी मी परभणीतल्या आमच्या चर्चमध्ये स्त्रियांच्या बाजूला बसलो. आमच्याकडे पुरुष डावीकडे बसतात, स्त्रिया उजवीकडे. हे कुठे लिहिलेलं नाही; मी नंतर मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, नियमावली तपासली.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. या दिवसांत शांतपणे वाट पाहावी, असं पाळकसाहेब दरवर्षी सांगतात. मी मंडळीचा सेक्रेटरी आहे. एरवी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातम्या तपासतो. मंडप, लाउडस्पीकरची परवानगी, गाणाऱ्यांनी कोणत्या दिवशी कोणाच्या घरी जायचं याची यादी, आणि त्या यादीत आपलं घर शेवटी का, असं विचारणाऱ्यांचे फोन, एवढं माझ्याकडे होतं. पहिले दोन रविवार भक्ती चालू असताना मी बाहेर लिंबाखाली फोनवर होतो.

आत आई होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनची तारीख जानेवारीतली मिळाली होती. बहुतेक गीतांचं पहिलं कडवं तिला पाठ आहे. पुढची पुस्तकात बघून म्हणावी लागतात. पहिल्या रविवारी ती पहिल्या कडव्यानंतर गप्प राहिली. घरी आल्यावर तिनं सांगितलं, की नाताळाला ती येणार नाही.

"गाता येईना तर मी काय तिथं लोकांच्या साड्या बघायला येऊ? त्याबी दिसनात."

मी उपाय केला. ऑफिसात गीतं मोठ्या अक्षरांत छापून घेतली, पहिल्या पानाच्या मथळ्याला वापरतो तेवढ्या. एका गीताला सात पानं लागली. आईनं पहिलं पान डोळ्यांजवळ धरलं आणि कोण वारलं म्हणून विचारलं.

दुसऱ्या रविवारी पानं खालीवर झाली. मंडळी दुसरं कडवं म्हणत असताना ती चौथं म्हणत होती, आणि तिचा आवाज मोठा आहे. शेजारी बसणाऱ्या काकू, निवृत्त नर्स, तिला ओळी सांगू लागल्या. पण सांगता सांगता स्वतःच गायला लागायच्या. घरी आल्यावर आईनं सगळी पानं मला परत दिली.

"तूच बस माझ्यापाशी. एकेक ओळ आधी सांग, मी म्हणते."

ती बाजू बायकांची आहे, असं मी म्हणालो. शिवाय पुढच्या रविवारी मंडपवाला नेमका भक्तीच्या वेळी येणार होता.

"तू बाहीर फोनवर बोलायलास," ती म्हणाली. "देव आत हाय."

तिसऱ्या रविवारी मी फोन बंद केला आणि तिच्याजवळ गेलो. काकू सरकल्या. बसा, पण चपला पुरुषांकडं काढा, म्हणाल्या. मी परत जाऊन चपला हलवल्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे पाहिलं, आणि गीताचा क्रमांक सांगितला.

मंडळी एक ओळ गात असते तेव्हा पुढची ओळ कानात सांगायची. उशीर झाला तर आई थांबते. लवकर सांगितली तर ती सगळ्यांच्या आधी म्हणून टाकते. दुसऱ्या कडव्यापर्यंत मला अंदाज आला. हे करताना दुसरं काही करता येत नाही. मंडप मनात आला नाही, यादीही आली नाही. पुढे प्रार्थना सुरू झाली आणि सांगायला ओळी राहिल्या नाहीत, तेव्हाही आली नाही. मी डोळे मिटून बसलो होतो. त्या महिन्यात जागेपणी पहिल्यांदाच.

भक्ती संपल्यावर फोन सुरू केला. मंडपवाल्याचे नऊ फोन येऊन गेले होते. मंडप उभा राहिला होता, तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे. सोमवारी तो फिरवून घेतला.

नाताळच्या दिवशी आई आली. आम्ही स्त्रियांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसलो. पहिल्या गीताला पाच कडवी होती. तिनं पाचही म्हटली.