चार खाटांच्या सिस्टर

“इचारलं का त्यान्ला?”

आम्ही डॉक्टर केसपेपरवर काही लिहायला लागलो, की सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहत आणि एवढंच विचारत. ‘त्यान्ला’ म्हणजे खाटेवरच्या माणसाला. नामांतराचं आंदोलन जोरात होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. परभणीच्या एका दवाखान्यात मी नुकताच लागलो होतो आणि तिथला अतिदक्षता विभागही नवाच होता. चार खाटा, दोन मॉनिटर आणि माझा भलामोठा रुबाब. बेशुद्ध माणसाला काय विचारायचं, असं मी एकदा चिडून म्हणालो.

“मंग घरच्यांला इचारा. आन् सुई टोचताना ह्यांच्या कानात सांगा,” त्या शांतपणे म्हणाल्या.

बुटक्या, सावळ्या, पन्नाशीला आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तुम्हीही अशा माणसांबरोबर काम केलं असेल. हुद्दा आपला मोठा, पण धाक त्यांचा.

पालमकडच्या एक आजी भरती झाल्या. हृदय पार थकलेलं. त्या वाचणार नाहीत हे मला पहिल्याच दिवशी कळलं, पण जाणाऱ्याचं जाणं सोपं करणं हेही डॉक्टरचंच काम, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आजी सलाईन उपटायच्या, दुधाचा घोट घ्यायच्या नाहीत, तोंड सदा भिंतीकडे. तिसऱ्या दिवशी मी त्यांचे हात बांधायला सांगितले आणि झोपेचं इंजेक्शन लिहायला घेतलं.

“इचारलं का त्यान्ला?”

मी पेन आपटलं. “तुम्हीच विचारा.”

सिस्टर खाटेवर टेकल्या. आजींचा हात हातात घेतला. “आजी, कामून आसं करायलाव?”

आजी भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलल्या. “मालक गेले. मला समदं कळायलंय. तुमी कोनीच सांगनात.”

झालं होतं ते असं. भरती करताना नियमाप्रमाणे बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवलं होतं. तोंड पुसताना कुंकू गेलं. नवऱ्याला आत यायची परवानगी नव्हती. मग त्या बाईनं दुसरा काय अर्थ काढायचा? सगळे नियम मी लावलेले. मला अतिशय लाज वाटली.

म्हातारबुवा तीन दिवस बाहेर लिंबाखाली बसून होते. सिस्टरांनी मला न विचारता त्यांना आत आणलं.

“आगं, मी हाय की! मला काय धाड भरलीय?”

आजींनी त्यांच्या दाढीच्या खुंटांवरून हात फिरवला. मग विचारलं, “जेवलाव का न्हाई?”

सिस्टरांनी बांगड्या चढवल्या, कुंकू आणून म्हाताऱ्यांच्या हातात दिलं. सिस्टर स्वतः बौद्ध घरातल्या. “तुमचा विश्वास आहे यावर?” मी हळूच विचारलं.

“माझा कशाला पायजे? खाटेवर त्या हायेत.”

पुढचे दोन दिवस आजींचे हात मोकळे होते. दम लागला की थोडंसं इंजेक्शन, आणि चमच्यानं दूध पाजायला नवरा. मॉनिटर टिकटिकत असायचा आणि दोघं म्हशीबद्दल भांडायची. इतका सुखाचा वॉर्ड मी पुन्हा क्वचितच पाहिला.

तिसऱ्या सकाळी आजी गेल्या. सवाष्ण गेली म्हणून गावाहून आलेल्या बायका कपाळभर कुंकवाचा मळवट भरायला पुढे झाल्या. म्हाताऱ्यांनी त्यांना थांबवलं.

“पयला हात सिस्टरचा.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सिस्टर म्हणाल्या, “बाबा, मला मालक न्हाईत. चालत न्हाई तुमच्यात.”

“ठावं हाय मला. तिचीच मर्जी व्हती ती.”

सिस्टरांनी कुंकवाची डबी हातात घेतली. मग त्यांनी आजींच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत कुंकू भरलं, सावकाश, जखमेला मलम लावावं तसं.

त्यानंतर आमच्या चारही खाटांशेजारी घरचं एकेक माणूस बसू लागलं. सिस्टर निवृत्त होऊन पाथरीला गेल्या. त्या वारल्याचं मला महिन्यानं कळलं, तेव्हा आईवेगळा झाल्यासारखा मी रडलो.

आठवतात त्या मात्र मळवटाच्या त्याच सकाळच्या. पांढऱ्या साडीवर त्यांच्याच बोटांचा तांबडा ठसा उमटला होता. मेट्रननं दोनदा टोकलं. त्यांनी ड्यूटी संपेपर्यंत साडी बदलली नाही.