कीबोर्डवरचं कुंकू

"पुस. आधी पुस ते. पदराने पुस."

सर माझ्या मायवर ओरडत होते. माय टेबलावर वाकून कीबोर्डवरचं हळदकुंकू पुसत होती. पुसलं की ते बटणांच्या फटीत जायचं, आणि सर आणखी चिडायचे. एसी चालू होता, तरी मायच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी खुर्चीवर बसलेली. अंगात त्यांनीच दिलेला इस्त्रीचा फ्रॉक. मला हलायला मनाई होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावात कॉम्प्युटरचे क्लास नुकतेच निघाले होते. काचेचं दार, जाड पडदे, चपला बाहेर. या सरांना आपल्या क्लासची जाहिरात केबल टीव्हीवर करायची होती. ते आमच्या नगरपालिकेच्या शाळेत आले, काही मुलींना उभं करून बोलायला लावलं आणि मला निवडलं. हेडमास्तरांना माझ्यादेखत म्हणाले, "चेहरा गरीब पाहिजे, पण चुणचुणीत. झोपडपट्टीतल्या पोरीला येतं म्हटलं की बंगल्यातल्या आईबापांना लाज वाटते. मग ॲडमिशन होतात." मी समोरच उभी. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. बदल्यात ते मला कॉम्प्युटर फुकट शिकवणार होते.

माय डाळमिलमध्ये डाळ निवडायची. आम्ही मूळचे साक्रीकडचे, घरी अहिराणी बोलणारे. मिलमध्ये नवीन मशीन आली की चालू करण्याआधी डाळ निवडणाऱ्या बायाच तिला हळदकुंकू लावायच्या. शेटसुद्धा हात जोडून उभा राहायचा. आता आपली पोरगी नव्या मशीनला हात लावणार, म्हणून माय कुंकवाचा करंडा घेऊन आली होती. "नवं मशीन शे ना भाऊ, म्हनीसन कुकू लावं," ती सरांना म्हणाली. तिचं काय चुकलं होतं? मी आजही हेच विचारते.

जाहिरात काढायला आलेला कॅमेरावाला मात्र हसत सुटला. सरांना बाजूला नेऊन काहीतरी बोलला. सरांचा चेहराच पालटला. "बाई, परत लाव बरं कुंकू. आता वर लाव, टीव्हीसारखं दिसतंय ना, त्याला." मायला हायसं वाटलं. पुन्हा लावायला सांगतात म्हणजे आपण चुकलो नव्हतो. तिने डोक्यावरून पदर घेतला, मनापासून कुंकू लावलं, हात जोडले. शॉट मनासारखा येईपर्यंत तिच्याकडून पुन्हा पुन्हा लावून घेतलं. आणि मला एक वाक्य दिलं. "माय, हा देव नाही, कॉम्प्युटर आहे!"

ते म्हणून झालं की मी बटणं दाबायची होती. मी हात पुढे केला. कॅमेरावाला म्हणाला, "हात नको हिचे." माझे हात काळे, भेगाळलेले. सरांच्या भाचीला बोलावलं. चेहरा माझा, हात तिचे. त्या मशीनला माझं बोटसुद्धा लागू दिलं नाही.

जाहिरात लागली त्या दिवशी शेजारच्या अक्काकडे सारी गल्ली जमली. माय ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे बसली. पडद्यावर ती आली, कुंकू लावलं, हात जोडले. मागे सर्कशीतल्यासारखं वाजवलं होतं. मग मी आणि माझं ते वाक्य. मग एक जाड आवाज, "आई अडाणी असली तरी चालेल. मुलं अडाणी राहायला नकोत!" गल्ली हसली. मायही हसू लागली, सगळे हसतात म्हणून. मग तिला कळलं. ती उठून घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

रोज लागायची ती जाहिरात. मिलमध्ये मायला 'कॉम्प्युटरबाई' म्हणू लागले. मुकादम डाळीच्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "याच्याही पाया पड." संक्रांतीला ती कोणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही. जिच्या कुंकवाला सारं गाव हसलं, तिने ते कोणाच्या कपाळाला लावायचं? मला वाटायचं, टीव्ही फोडावा. पण कुठला? घराघरात तोच चालू. क्लासमध्ये गेलं की सर म्हणायचे, पुढच्या बॅचला बघू. मी सरळ परत यायची. जगावंसं वाटत नव्हतं मला. त्या वयात.

दसऱ्याला सरांच्या धुळ्यातल्या शाखेचं उद्घाटन होतं. आम्हा दोघींना जीपने नेलं. मांडव, माणसं, माईक. जाहिरातीतला तो प्रसंग आम्ही स्टेजवर करून दाखवायचा, मग माझं शिक्षण नक्की सुरू, असं ठरलं होतं. मी नको म्हणत होते. माय म्हणाली, "लोके हासतस ते हासू दे. तू शिकी ले, पोरी. मन्हं काय जास?"

आधी पूजा झाली. गुरुजींनी मंत्र म्हटले. सरांनी स्वतः एकेका कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. लोकांनी हात जोडले. कोणी हसलं नाही. मग सर माईकवर म्हणाले, "आणि आता, टीव्हीवरची आपली लाडकी जोडी!" मायने करंडा उघडला. ती कुंकू लावायच्या आतच लोक हसू लागले. माईक माझ्या तोंडासमोर आला. "बोल," सर दातओठ खात कुजबुजले.

मी बोलले. "सरांनी लावलं तेव्हा तुम्ही हात जोडले. माझी माय लावते तर हसता. मी ते वाक्य म्हणणार नाही."

सरांनी माईक ओढून घेतला. "लहान आहे. घाबरली." मी घाबरले नव्हते. मी मायचा हात धरून खाली उतरले.

परतीला जीप नव्हती. धुळ्याच्या एसटी स्टँडवर, भर गर्दीत, मायने माझ्या थोबाडीत मारली. "तुना जलमनं वाटोळं करी टाकं तू!" आणि ती मोठ्याने रडू लागली. मी तिच्यासाठी बोलले, आणि मारलं तिनेच. पण तिचा राग खरा होता. माझं शिक्षण व्हावं म्हणून तिने आपली लाज देऊन टाकली होती, आणि तो सौदा मी मोडला होता. क्लास गेला. जाहिरात तशीच लागत राहिली. त्यांना माझी परवानगी लागत नव्हती.

आता लोक विचारतात, मग पुढे शिकलीस ना कॉम्प्युटर? त्यांना 'हो' ऐकायचं असतं. मी सांगत नाही. शिकले म्हटलं तर तीही जाहिरातच. बघा, गरिबाची पोर कशी वर आली! नाही शिकले म्हटलं तरी जाहिरातच. बघा, संधी दवडली की काय होतं! माझं आयुष्य कोणाचा माल खपवायला नाही.

मला आता लेक आहे. तिच्या शाळेत कोणी कॅमेरा घेऊन आला, गरीब पण चुणचुणीत चेहरा शोधू लागला, तर मी दारात उभी राहीन. तो काहीही फुकट देऊ करो. लेक रडो, मला वैरीण म्हणो. मी दारातून हलणार नाही.